चपला उलटणाऱ्या तांबेबाई

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाचं पहिलं भांडण सकाळी सातला व्हायचं, आणि त्याला कारण तांबेबाई.

“कोण आहे रे? चपला कोणी उलट्या केल्या? घरात कटकटी लावायच्यात का आमच्या?”

“मी आहे. सरळ करते. ओरडू नका, बीपी चढेल.”

हा संवाद रोजचा. शब्द तेच, दार तेवढं बदलायचं. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, हे आमच्या आयांनी आम्हाला लहानपणापासून पढवलेलं. रस्त्यात परक्याची उलटी चप्पल दिसली तरी पायाने सरळ करून पुढे जाणारी माणसं आम्ही. आणि ही बाई गॅलरीतून दारोदार फिरून खुशाल चपला उलट्या करत होती. तळावरून अंगठा फिरवायचा, आत हात घालून चाचपायचं, पट्टा ओढून बघायचा, एखादी नाकाशीसुद्धा न्यायची. मग सरळ करून, जोडीने, भिंतीला लावून ठेवायची. सगळ्यांच्या चपला बघत नसत. ज्या घरात शुगरचं माणूस, त्याच घरच्या. पण शुगरचं माणूस नाही असं घर आमच्या चाळीत शोधावं लागलं असतं.

मीही त्यातलाच. छापखान्यात बाइंडिंगला जन्म काढला, बसून बसून पोट सुटलं, आणि रिटायर व्हायच्या वर्षी रिपोर्ट हातात आला. माझा स्वभाव तापट आहे, ते मी नाकारत नाही. बाई पहिल्यांदा माझ्या दारात चपला हुंगताना दिसल्या तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डाव्या चपलेच्या तळातून चिमटीने एक बुटका खिळा उपसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हा कधीपासून टोचत होता, शेलार?”

टोचत नव्हता. मी त्या चपला घालून आदल्या दिवशी भायखळ्यापर्यंत चालत जाऊन आलो होतो. टाच उलटी करून बघितली तर खिळ्याने भोक पाडलेलं, भोवती रक्त सुकलेलं, आणि मला पत्ता नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं झालं. आपलाच पाय आणि तो आपल्याला काही सांगत नाही! मी मुकाट्याने स्टुलावर बसलो. बाईंनी टाच धुतली, पट्टी बांधली आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

त्या दिवसापासून मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, असं नाही. पण जरा हळू आवाजात दिल्या.

विमल तांबे हे त्यांचं नाव. पत्र घेऊन येणाऱ्या पोस्टमनशिवाय ते कोणी घेत नसे. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी ड्रेसिंगच्या खोलीत आया म्हणून नोकरी केली. डॉक्टर जखम उघडत, या ट्रे धरत. पाय कापला की तो न्यायचं कामही यांच्याच वाट्याचं. रिटायर झाल्यावर आमच्या वॉर्डातल्या दवाखान्याने चाळीचाळींत शुगर तपासायला बायका नेमल्या, त्यांत तांबेबाई आल्या. नवरा गिरणीत होता, गिरणीच्या मागोमाग तोही गेला. मुलगा अंबरनाथला, आपल्या संसारात. तळमजल्यावर जिन्याखालची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तपासणीचं मशीन ठेवायचा स्टीलचा डबा. अंगावर सुती साडी आणि साडीखाली मोजे घालून कापडी बूट. चाळीतल्या बायका त्या बुटांना हसायच्या. “मलाही शुगर आहे,” बाई सांगत. “माझे पाय बघायला कोणी नाही, म्हणून बूट.” रोज सकाळी त्या दाढीचा छोटा आरसा जमिनीवर ठेवून त्यात स्वतःचे तळवे बघत, हे मी एकदा उघड्या दारातून पाहिलंय.

पहिल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या दोन घरांनी त्यांना चपलांना हात लावू दिला नाही. कारण उलट्या चपलेचं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, ते तोंडाने कोणी बोललं नाही. बाईंना ते कळलं नसेल असं समजायला त्या काय कालच्या मुंबईत आल्या होत्या? त्यांनी त्या दारांसमोर वाकून, हात पाठीमागे बांधून, लांबूनच चपला बघायला सुरुवात केली. महिनाभराने त्यातल्या एका घरातल्या म्हातारीने स्वतःच चप्पल उलटी करून पुढे धरली.

शनिवारी सकाळी जिन्याखाली ‘टोचणी’ असायची. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला द्यायचा. आकडा आला की बाई तो मोठ्याने वाचत नसत, फक्त त्या माणसाच्या डोळ्यांत बघत. ते बघणं आकड्यापेक्षा वाईट. खाण्यावरून मात्र त्या कोणाला फार छळत नसत. “पुरणपोळी खा ना. एक खा, माझ्यासमोर खा, आणि मग जिना चार वेळा चढा.” आणि लोक खरंच चढायचे हो! होळीच्या दुपारी आमचा जिना नुसता धापा टाकत असायचा.

पण बाईंचा जीव रक्तात नव्हता, पायात होता. त्यांनी वरळी कोळीवाड्यातून जाळी विणायचा तंगूस आणला होता, तो नायलॉनचा जाड दोरा. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे पाय तपासायला असतो तसाच, बोटभर तुकडा कापून आइस्क्रीमच्या काडीला बांधलेला. डोळे मिटायला लावून त्या तळव्याला दहा ठिकाणी टोचत. “लागलं की हो म्हणायचं.”

माझ्या शेजारच्या परबाचा नंबर मला आठवतो. परब मालवणकडचा, दादरला कापडाच्या दुकानात सेल्समन, दिवसभर उभा. जीभ अशी की साडी नेसलेल्या बाईला दुसरी साडी विकेल. डोळे मिटून स्टुलावर बसला आणि बडबडत राहिला. बाईंनी अंगठ्याला तंगूस लावला. मग करंगळीला. मग चवड्याला, टाचेला. नायलॉन वाकत होता, आम्हाला दिसत होतं. जिन्यावर बसलेली आम्ही माणसं एकेक करून गप्प झालो.

“बाई, टोचा की,” परब म्हणाला. “मी कधीचो वाट बघतंय.”

बाईंनी तंगूस खाली ठेवला. “झालं, परब. उघडा डोळे.”

परबाने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याची बडबड जी थांबली ती दोन दिवस सुरू झाली नाही.

त्यानंतर बाईंनी जोड्या लावल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, आणि ज्या पायाला काही जाणवत नाही तो तर मुळीच कळवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी दुसऱ्या माणसाने बघायचा. बघून झालं की त्याच्या दाराच्या चौकटीवर खडूने बरोबरची खूण करायची. काही दिसलं तर फुली. सकाळी बाई चपला बघता बघता चौकटही बघणार, आणि फुली दिसली की दार ठोठावणार.

सुरुवातीला लोकांनी आपापल्या घरातलंच माणूस जोडीला घेतलं. दोन महिन्यांत शिरोडकरांच्या पायाला एवढी जखम झाली की आठवडाभर ड्रेसिंग करावं लागलं, आणि चौकटीवर मात्र रोज बरोबर. वहिनींना विचारलं तर रडायला लागल्या, “हे म्हणाले, बाईंना कळलं तर कामावर जाऊ देणार नाहीत.” बाईंनी त्याच दिवशी सगळ्या जोड्या मोडल्या.

“प्रेमाची माणसं खोटं बोलतात,” त्या म्हणाल्या. “मला भांडणारी माणसं पाहिजेत.”

आणि त्यांनी चाळीतली भांडणं शोधून शोधून जोड्या लावल्या! नळावरून वैर असलेल्या दोघी एकत्र. गणपतीच्या मंडळात खुर्चीवरून फाटलेले दोघे एकत्र. आणि मी आणि परब. आमचं भांडण गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावरून होतं. त्याचं पिंप चार बोटं माझ्या हद्दीत येत होतं, आणि त्या चार बोटांपायी आम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

पहिल्या संध्याकाळी परब माझ्या दारात आला, खुर्चीवर बसला आणि वाटा मागावा तसा हुकूम सोडला, “पाय.” मी पाय वर केला. त्याने बॅटरी लावून असा निरखला की एक सुरकुती सोडली नाही. “टाचेक भेग आसा,” म्हणाला, आणि मोठ्या आनंदाने माझ्या चौकटीवर फुली मारली. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या नखाच्या कोपऱ्यातली लाली शोधून काढली आणि दोन फुल्या मारल्या. बाईंना असंच तर पाहिजे होतं. वर्षभर आम्ही एकमेकांच्या पायांतली खोट काढत होतो आणि दोघांचेही पाय लखलखीत होते.

पण रोज संध्याकाळी एका माणसाचा पाय मांडीवर घेतल्यावर भांडण टिकतं किती? एक दिवस परबाने चहा आणला. बिनसाखरेचा. मग त्याच्या मुलीचं कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते. त्या वर्षी तिला पुन्हा दिवस होते आणि या वेळी नववा लागला होता. सांगताना परबाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी त्याचं पिंप स्वतःच आणखी चार बोटं सरकवून दिलं, माझ्या बाजूला. बाईंनी ते पिंप बघितलं होतं. त्याच्याशी जरा थांबल्या होत्या हे मला आठवतं.

नवरात्र आलं. लालबाग-परळात नऊ दिवस अनवाणी चालणारे शेकडो. कामावर, बाजारात, सगळीकडे. बाईंनी घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी जिन्याखाली उभं राहून सांगितलं, “ज्यांना शुगर आहे त्यांनी अनवाणी चालायचं नाही. देवीला दुसरं काहीतरी द्या.” परब सगळ्यात पुढे उभा होता. मान डोलावत होता.

चौथ्या संध्याकाळी मी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळवा काळा, धुऊनही न निघालेला. चवड्यावर रुपयाएवढा फोड.

“परब, हे काय?”

त्याने उठून दार लोटलं. नवस बोलला होता. पोरगी सुखरूप सुटली तर नऊ दिवस पायात काही घालणार नाही, असं. आणि आधीच फेडायला सुरुवात केली होती, कारण धीर निघत नव्हता. बाई सात वाजता चपला बघून दवाखान्यात जातात, हा साडेआठला निघतो. चपला तो मुद्दाम दारात ठेवून जायचा.

“तुका माझी शपथ आसा शेलार. बाईक सांगू नको. पाच दिवस तर रवले.” त्याने माझा हात धरला. “माका काय दुखणा नाय रे.”

दुखत नाही म्हणून तर मरण होतं ना, मेल्या! हे मला त्या क्षणी कळत होतं. मला सगळं कळत होतं. सहा वर्षं न बोललेला परब असता तर मी फुली मारली असती, वर गॅलरीभर बोंब मारली असती. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो माझा मित्र झाला होता. मी फोडाला मलम लावलं, पट्टी बांधली, बाहेर आलो आणि चौकटीवर बरोबरची खूण केली. खडू हातात तुटला. उरलेल्या तुकड्याने पुरी केली.

पाचव्या दिवशी फोड फुटला होता. सहाव्या दिवशी कडा पांढरी झाली. शनिवार होता, परब “दुकानात गर्दी आसा” म्हणून टोचणीला आला नाही. सातव्या दिवशी त्याने पाय दाखवायचं टाळलं, “उशीर झालो रे, उद्या” म्हणाला, आणि मी, लाज वाटते सांगायला, मी न बघताच खूण केली. रोज सकाळी दाराआड उभा राहून मी बाईंची पावलं ऐकायचो. परबाच्या दाराशी थांबायची. चपला उलटल्याचा आवाज. सरळ ठेवल्याचा आवाज. पुढे जायची. पुढे गेली की सुटल्यासारखं वाटायचं. जेवण जाईना. बायको विचारायची, “शुगर वाढली का?” मी तिच्यावर खेकसायचो.

आठव्या सकाळी चपला उलटल्याचा आवाज आला, पण सरळ ठेवल्याचा आला नाही.

मी दार उघडलं. बाई परबाच्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या. तळ स्वच्छ होता. त्या तळ बघतच नव्हत्या. वरची बाजू बघत होत्या. अंगठा बसतो तिथे, टाच बसते तिथे, धूळ होती. एकसारखी, आठ दिवसांची.

“यात पाय गेलेलाच नाही,” त्या स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. मग चौकटीवरच्या खडूच्या खुणांकडे बघितलं. मग माझ्याकडे.  

“कुठं आहे तो?”

परब त्या दिवशी सातच्या आधीच निघून गेला होता. दसऱ्याची खरेदी, दुकान लवकर उघडणार होतं. बाईंनी चपला तशाच टाकल्या आणि जिना उतरायला लागल्या. त्या वयात, ते गुडघे, आणि मी मागे धावतोय. दादरची टॅक्सी धरली. मी “बाई,” म्हटलं तर हात वर करून गप्प केलं.

दुकानात गादीवर साड्यांचा ढीग, समोर बायका बसलेल्या, आणि परब ढिगामागे उभा, एक पदर हवेत पसरून धरलेला. बाईंना बघितल्यावर पदर हळूहळू खाली आला. बाईंनी गिऱ्हाइकांना बाजूला केलं, परबाला गादीवर बसवलं आणि पाय हातात घेतला.

मी बांधलेली पट्टी कधीच गळून पडली होती. पाय घोट्यापर्यंत लाल, चकाकणारा, सुजलेला. दोन बोटं काळपट निळी. वास आला. समोरची एक बाई तोंडाला पदर लावून उठली. बाईंनी जखमेशेजारी दाबलं. परब आमच्याकडे बघत होता, चेहऱ्यावर काहीच नाही.

“इस्पितळात चला.”

“बाई, परवा दसरो. परवा चपला घालतंय. दीड दिवस...”

“दीड दिवस नाही तुमच्याकडे.”

“पोरगीचा अडला तर?” परबाचा आवाज फाटला. “मोडलो नवस, आणि तिचा काय झाला तर? तुमचो विश्वास नाय, तुमका काय!”

 मला वाटलं आता बाई भडकणार. त्या त्याच्यासमोर गादीवर खाली बसल्या.

“तुमच्या देवीला मी ओळखत नाही, परब. ती काय मागते, मला माहीत नाही. पण डॉक्टरांना मी ओळखते. ते गुडघ्याखालून मागतील. ट्रे मी धरलेला आहे.” मग म्हणाल्या, “तुम्ही बोललात काय नेमकं? पायात काही घालणार नाही, एवढंच ना? मग नका घालू. अनवाणीच चला. फक्त पाय जमिनीला लावायचा नाही. नवस कुठं मोडला?”

 परबाने लहान पोरासारखी मान हलवली.

दुकानातल्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून टॅक्सीत ठेवलं. बाई आत सरकून बसल्या आणि तो पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. “बाई, तुमका पाय लागता,” परब संकोचून म्हणाला. “गप बसा, वर धरायचाय तो,” बाई म्हणाल्या. परळ येईपर्यंत त्यांच्या सुती साडीवर पिवळा डाग पसरत होता आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

डॉक्टरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं. विष किती वर चढलंय ते बघू. औषध चालू करतो. दोन दिवसांत लाली घोट्याखाली उतरली तर बोटांवर निभावेल. चढली तर गुडघ्याखालून काढावा लागेल. त्यांनी पेनने परबाच्या पायावर लालीच्या काठाने एक रेघ ओढली. त्या रेघेच्या वर की खाली, यावर परबाचं उभं राहणं ठरणार होतं. उभं राहता आलं नाही तर दुकान गेलं, आणि परबाला दुसरं येत काय होतं?

बाहेरच्या बाकावर मी बाईंना सांगितलं. चौथ्या दिवसापासून सगळं. फोड, शपथ, खडू.

“सातव्या दिवशी बघितलापण नाहीत?”

“नाही.”

त्या उठल्या आणि त्या लांबलचक पॅसेजमध्ये, पेशंटांच्या, नर्सांच्या, वॉर्डबॉयच्या समोर मला अशा बोलल्या की माझा बापही मला कधी तसं बोलला नव्हता. मैत्री करायला जोडी लावली होती का? दयाळू झालात? तुमची दया तिथे आत पडलीय, जाऊन बघा तिचा रंग! मी खाली मान घालून ऐकलं. रागही आला. खोटं कशाला सांगू, अपराधी माणसाला सगळ्यात जास्त राग येतो. आणि मग बोलता बोलता बाई थांबल्या, बाकावर बसल्या, आणि कापडी बुटांकडे बघत म्हणाल्या, “मी तरी काय वेगळं केलं? आठ दिवस त्याच चपला उलटत होते. तळ बघत होते, आत हात घालतच नव्हते. तळ स्वच्छ, म्हणून खूश. ज्या चपलेला आठ दिवसांत खडाही लागला नाही ती चालली कशी, हे डोक्यात यायला नको? पिंप सरकलं त्याच दिवशी तुमची जोडी मोडायला पाहिजे होती मी.”

त्यांचा आवाज कापत होता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

दोन दिवस आम्ही दोघं आळीपाळीने त्या रेघेकडे बघत होतो. परबाची बायको मालतीवहिनी मुलीकडे होती, तिला मुद्दाम अर्धंच सांगितलं होतं. नवमीला दुपारी लाली रेघेच्या वर बोटभर चढली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण परबासमोर रडायचं नव्हतं. बाई पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या. संध्याकाळी ती जिथल्या तिथे होती. दसऱ्याच्या सकाळी बाईंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, पुन्हा पुसला.

“शेलार, इकडे या. माझे डोळे खोटं बोलतायत का बघा.”

लाली रेघेच्या खाली होती. दोन बोटंच खाली असेल, पण खाली.

परबाची उजव्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. त्याच आठवड्यात मुलीला मुलगी झाली, सुखरूप. परबाला विचाराल तर तो आजही सांगतो, “नात इली, आणि देवीन माझो पाय ठेवल्यान.” बाईंसमोर सांगायचा. बाई म्हणायच्या, “ठेवला ना? मग आता नीट सांभाळा तिची वस्तू.” पुढच्या वर्षीपासून बाईंच्या सांगण्यावरून नवरात्रात मंडळाने एक नवी रीत पाडली. ज्यांना शुगर आहे त्यांनी अनवाणी चालण्याऐवजी नऊ दिवस दुसऱ्या कोणाचे तरी पाय धुवायचे, पुसायचे, बघायचे. नऊ दिवस लोक पायांना हात लावत होते आणि देवीसुद्धा काही बोलली नाही.

आमची जोडी त्यांनी मोडली. मला एका वकिलाच्या कारकुनाशी जोडून दिलं, भयंकर खवचट माणूस. परबाला त्यांनी स्वतःकडे घेतलं.

गेल्या मे महिन्यात बाई गेल्या. म्हणजे मुलाकडे, अंबरनाथला. गुडघे चालेनात, वरचे मजले चढवेनात. टेम्पो खाली उभा होता आणि सामान ते किती: पलंग, दोन पेट्या, तसबीर, तो डबा. सातला मला बाहेर कापडी बुटांचा आवाज आला. शेवटची फेरी. एकेक पायरी बसून बसून चढल्या असणार. मी दाराआड उभा राहिलो, त्या नवरात्रातल्यासारखा. बाहेर जायचा धीर झाला नाही. गेलो असतो तर काहीतरी बोललो असतो, आणि मला रडताना बघून त्यांनी आधी माझी शुगर तपासली असती.

पावलं परबाच्या दाराशी थांबली. मग माझ्या. चपला उलटल्याचा आवाज आला. मी पुढच्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. पावलं जिन्याकडे गेली.

मी गॅलरीच्या कठड्यावरून वाकलो. बाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसत होत्या. आधी एक बूट आत, मग हाताने उचलून दुसरा. वर बघितलं नाही.

मागे वळलो तर परबाच्या चपला पालथ्या. माझ्याही पालथ्या. दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, नीट लावून, मुद्दाम उलट्या ठेवलेल्या. एवढ्या वर्षांत सरळ केल्याशिवाय त्या एकाही दारातून हलल्या नव्हत्या.

मी त्या सरळ केल्या नाहीत. पायाने त्याचं पिंप ढकललं, चार बोटं, परत त्याच्या बाजूला. आणि दारावर थाप मारली.

“ए परब! बाहेर ये. पाय दाखव. आणि आज मी फुली मारणार, काही दिसो न दिसो!”